दहा चाळीसचा मुहूर्त

पुतण्याच्या लग्नातून दादासोंना काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सून मिळणार होती त्यांच्या धाकट्या भावाला, भीमरावांना. बायको मिळणार होती ऋषिराजला. दादासोंना मिळणार होता दीड हजार माणसांचा मांडव आणि त्या मांडवात पुढच्या सोफ्यावर बसलेले पक्षाचे निरीक्षक. पंचायत समितीच्या गणातून कुणाला उभं करायचं याची यादी निरीक्षकांच्या खिशात असते, असं सगळे म्हणत. यादी कुणी पाहिली नव्हती, खिसा मात्र सगळ्यांनी पाहिला होता. निरीक्षकांनी येऊन गर्दी बघायची, मानकरी बघायचे आणि पुण्याला जाऊन सांगायचं की इंदापूर तालुक्यात या माणसाच्या शब्दाला एवढी माणसं जमतात. सभा घ्यायची तर माणसं आणावी लागतात, गाड्या लावाव्या लागतात. लग्नाला माणसं आपापल्या पेट्रोलनं येतात.

दादासोंनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. तीस वर्षं भरली गाडी आत घेतली, मोकळी बाहेर सोडली. कोण काय भरून चाललाय ते चालीवरून कळायला लागतं.

मी नवरीकडचा. नवरी संजीवनी ही माझी भाची, बहिणीची मुलगी. तिचे वडील सोपानराव पिंपळीला वांगी, दोडका, टोमॅटो करतात आणि माल बारामतीच्या बाजारात घालतात. संजीवनी चार वर्षं रोज सकाळी सातला स्कूटी काढून बारामतीच्या अभ्यासिकेत जाऊन बसत होती. तिला व्हायचं होतं तलाठी. सरकारनं या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण आमच्या तोंडी तलाठीच. मागच्या भरतीला ती दोन गुणांनी राहिली होती. पुढची जाहिरात कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं. येते तेव्हा येते, पावसासारखी, आणि पावसासारखीच कधीकधी दोनदोन वर्षं येत नाही. या वेळी आली. संजीवनीनं फॉर्म भरला, पैसे भरले, आणि तारखेची वाट बघता बघता तिचं लग्न ठरलं. ते ठरताना तिनं एकच अट घातली होती: ही परीक्षा देणार. तिकडची मंडळी व्हय म्हणाली. परीक्षेला नाही म्हणण्याइतकं मागासलेलं घर आता आपल्याकडं राहिलेलं नाही. व्हय म्हणायला काही लागतही नाही.

लग्नाला दहा दिवस राहिले असताना प्रवेशपत्र आलं. तारीख लग्नाचीच. दुपारची पाळी, दोनला गेट बंद, केंद्र बारामतीत भिगवण रस्त्याला. संगणक तारखा वाटताना कुणाच्या पत्रिका बघत नाही.

संजीवनीनं रडारड केली नाही. तिनं सरळ मार्ग सांगितला. दुपारी पेपर द्यायचा, साडेपाचपर्यंत कार्यालयात यायचं, गोरज मुहूर्तावर अक्षता. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पण हल्ली पत्रिका वाचतं कोण, सगळे मोबाइलवरच्या निरोपावर येतात. सोपानराव आणि मी दोघं हा प्रस्ताव घेऊन दादासोंकडं गेलो. भीमराव ओसरीवर होते, पण त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. त्या घरात जमीन अजून एकत्र आहे आणि जमिनीइतकंच मतही.

दादासोंनी आमचं सगळं ऐकून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाले, "संध्याकाळी न्हाय जमायचं, पाव्हणं. निरीक्षक सकाळी इंदापुरात हायेत आन् दुपारचं सोलापूरकडं निघत्यात. आपल्याकडं त्यांचा सकाळचाच टाइम हाय."

सोपानराव म्हणाले की लग्न पोरांचं आहे. दादासो हसले. "व्हय की. पोरांचंच हाय. म्हणून तर म्हणतो, मुहूर्त अलीकडं घिऊ. दहा चाळीस. अकराला अक्षता पडल्या की पोरगी मोकळी. तीन तास उरत्यात. बारामतीला जायला किती लागतं?"

एक तास, मी म्हणालो. आणि तेवढ्यात दादासोंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. वजन अंदाजापेक्षा जास्त भरल्यावर गाडीवाल्याचं तोंड होतं, अगदी तसं. "मामा," ते मला म्हणाले, "मुंडावळ्या बांधलेली नवरी मांडवातनं थेट परीक्षेला. ही बातमी हाय. आपल्या घरच्या सुनंची." त्यांनी तिथंच एका वार्ताहराला फोन लावला. हा गृहस्थ मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो आणि तालुक्यात त्याला वाढदिवसापासून अपघातापर्यंत सगळीकडं बोलावणं असतं. तो एक वाजल्यापासून परीक्षा केंद्राच्या गेटवर उभा राहील, असं ठरलं.

मी दादासोंना वाईट म्हणणार नाही. त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्या दिवशी त्यांच्या लेखी त्यांच्या फायद्यात आणि संजीवनीच्या फायद्यात काही अंतरच नव्हतं. भटजींनी पंचांग उलटसुलट केलं आणि दहा चाळीसचा मुहूर्त निघाला. मुहूर्त निघतोच. अडचण पाळताना येते.

घरी येऊन सांगितल्यावर संजीवनी मला म्हणाली, "मामा, नवरीला मांडवात कोण आणतं?"

"मामा आणतो."

"मग बाहेर पण तुमीच काढायचं. अकराला. कोण काय बोलतंय ते बघायचं न्हाय."

काढतो, मी म्हणालो.

कार्यालय बारामती-इंदापूर रस्त्यावर जंक्शनजवळ होतं. जंक्शन हे गावाचं नाव आहे, तिथं रेल्वे शोधू नये. तिथून बारामती अठ्ठावीस-तीस किलोमीटर. लग्नाच्या दिवशी साडेनऊलाच संजीवनी तयार होती. दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीनं भरलेले, पण दोन्ही अंगठे कोरे. केंद्रावर अंगठ्याचा ठसा घेतात आणि मेंदीवर ठसा उमटत नाही म्हणतात. खोलीतल्या बायकांना ते अंगठे बघवत नव्हते. एकजण म्हणाली की हा अपशकुन आहे, दुसरी म्हणाली की नखाला तरी लाव. संजीवनीनं मुठी मिटून घेतल्या. प्रवेशपत्र, आधार कार्ड, दोन फोटो आणि पेन अशी पिशवी तिनं आदल्या रात्रीच गाडीत ठेवली होती. केंद्रात दागिने चालत नाहीत, म्हणून ते उतरवून ठेवायला एक स्टीलचा डबा तिच्या आईकडं, द्वारकाबाईकडं, दिलेला होता. एवढी तयारी असलेली नवरी मी पाहिली नव्हती. तिच्या बाजूनं एक मिनिट इकडं तिकडं होणार नव्हतं.

दहा चाळीस झाले. नवरदेव स्टेजवर, भटजी स्टेजवर, अंतरपाट घडी करून ठेवलेला. पुढचा सोफा मोकळा. दादासो मांडवाच्या तोंडाशी फोन कानाला लावून उभे. निघालेत, म्हणाले. अकराला विचारलं, निघालेत. सव्वाअकराला लोणी देवकर ओलांडलं म्हणाले, आणि अकरा चाळीसला कळलं की लोणी देवकर आत्ता कुठं आलंय.

आता दीड हजार माणसं नुसती कशी बसवून ठेवणार? माइकवर निवेदक होता. त्यानं सत्कार सुरू केले. हा आपल्या भागातला सगळ्यात बारमाही उद्योग. उसाला बारा महिने लागतात, सत्काराला कारणही लागत नाही. सोसायटीचे माजी चेअरमन, आजी चेअरमन, दूध संघाचे प्रतिनिधी, अमुक गावचे पोलीस पाटील, तमुक सरपंचांचे बंधू. नाव घ्यायचं, माणसानं नको नको म्हणत उठायचं, शाल, नारळ, फोटो. यात गोम अशी की एक नाव घेतलं की शेजारी बसलेला न घेतलेला होतो. त्याचं घ्यावं तर त्याच्या शेजारचा. निवेदकाच्या हातात सुरुवातीला एक्केचाळीस नावं होती. बारापर्यंत त्रेसष्ट झाली. मी मोजत होतो, सवय आहे.

सोपानरावांनी मधे जाऊन दादासोंपुढं हात जोडले. अक्षता टाकून घेऊ, निरीक्षकांचा मान नंतर करू, पोरीचा पेपर आहे. मी मागंच उभा होतो. दादासोंना राग आला नाही, उलट दुखावल्यासारखं वाटलं. "पाव्हणं, पोरीला परीक्षेला मीच धाडतोय न्हवं? वार्ताहर मी उभा केलाय. तिचा पेपर बुडला तर इज्जत कुणाची जाईल, माझीच ना? पाच मिनिटं."

या बोलण्यावर काय उत्तर द्यायचं? ज्याला सांगायचं तोच तुमच्या बाजूनं बोलत असतो. मला वाटतं आपल्याकडं कुठलंही काम याच एका जागेवर अडतं. रस्ता असो, दवाखाना असो, शाळा असो, विरोध करणारा कुणी सापडतच नाही. सगळे पाठिंबा देतात आणि पाठिंबा देणाऱ्यांच्या गर्दीतून वाट निघत नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी निरीक्षक आले. चार गाड्या, बरोबर चौदा माणसं. माणूस साधा वाटला, घाईतही होता. सोफ्यावर बसता बसताच म्हणाला की अक्षता टाकून लगेच निघतो, पुढं उशीर होतोय. म्हणजे बघा, लग्न लवकर लागावं असं निरीक्षकांनाही वाटत होतं, नवरीलाही, भटजींनाही. पण आलेल्या चौदाही माणसांना शाली घालाव्या लागल्या, त्यात बारा मिनिटं गेली. मग दादासोंनी आग्रह केला की दोन शब्द बोला. निरीक्षक अकरा मिनिटं बोलले. बोलले ते संजीवनीवरच. कुणीतरी त्यांच्या कानावर परीक्षेचं घातलं होतं. मुंडावळ्या बांधून पेपरला निघालेली ही लेक म्हणजे नव्या महाराष्ट्राचं चित्र आहे, म्हणाले. मुलींना अडवू नका, म्हणाले. टाळ्या पडल्या. चित्र तिथंच स्टेजच्या कडेला मुठी मिटून उभं होतं आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतं.

भाषण संपलं, भटजींनी अंतरपाट उलगडला, आणि तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन सांगितलं की गेणबा निघालेत. गेणबा हे दादासोंच्या भावकीतले बहात्तर वर्षांचे वडीलधारे. त्रेसष्ट नावांत त्यांचं नाव राहिलं होतं. घरचा माणूस म्हणून राहिलं, निवेदक म्हणाला. घरचा म्हणून राहिलं हेच गेणबांचं दुखणं. ते मागच्या बाजूला चपलांजवळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "आमी कशाला पायजे? आमी काय, पंगतीला वाढायला." त्यांच्यामागं पंचवीस-तीस माणसं उठून उभी राहिली होती. दादासो स्वतः गेले, पाया पडले, हाताला धरून आणलं, शाल घातली. आठ मिनिटं.

बारा छत्तीस. संजीवनीनं माझ्याकडं बघितलं. नुसती मान हलवली. मी उठलो. भटजींना सांगायचं की सुरू करा, आणि पाच मंगलाष्टकांची दोन करा. मी स्टेजची पहिली पायरी चढलो आणि माइकवर माझं नाव आलं. नवरीचे मामा, साखर कारखान्यात तीस वर्षं निष्कलंक सेवा बजावलेले, ज्यांनी आपल्या भाचीच्या शिक्षणाला सदैव प्रोत्साहन दिलं. नवरीकडच्या एकाचाही मान झाला नव्हता, ते गेणबांच्या गडबडीत निवेदकाच्या ध्यानात आलं असावं. मला शाल नव्हती. मला फेटा होता.

फेटा बांधून घेताना मान हलवता येत नाही. कापड आठ-नऊ मीटर, बांधणारा नाशिकहून शिकून आलेला, एकेक घडी हातानं दाबून बसवत होता. मला उठता आलं असतं. मी मनाशी असं म्हणालो की अर्धा फेटा सोडून उठलो तर नवरदेवाकडचा अपमान होईल आणि तो पुढं संजीवनीला भोगावा लागेल. हे कारण खोटं नाही. पण दीड हजार माणसांसमोर निष्कलंक हा शब्द आपल्या नावाला लागलेला ऐकून मला बरं वाटत होतं, हेही खोटं नाही. तीस वर्षांत कारखान्यात कुणी मला गुलाबाचं फूल दिलं नव्हतं. मी बसलो. सहा मिनिटं.

मग निरीक्षकांबरोबर दोन्हीकडच्यांचे फोटो, त्यात पाच. मग पाचही मंगलाष्टकं, कारण एक कडवं दादासोंच्या नावाचं होतं आणि ते शेवटी होतं. एक वाजून दोन मिनिटांनी अक्षता पडल्या.

पुढचं सगळं मात्र सगळ्यांनी भराभर केलं, हे सांगायला पाहिजे. सासूनं, कुशाबाईनं, माप आणि बाकीचे विधी संध्याकाळवर ढकलले आणि स्वतः संजीवनीचा पदर खोचून दिला. ऋषिराज, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, त्यानं ड्रायव्हरच्या हातातली किल्ली घेतली आणि फुलांनी सजवलेली गाडी स्वतः काढली. मी पुढं, द्वारकाबाई आणि संजीवनी मागं. एक वाजून दहा मिनिटं.

रस्ता आता चौपदरी झालाय. पण हंगाम चालू, आणि हंगामात चौपदरी रस्त्याचे चारही पदर उसाच्या ट्रॅक्टरांचे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि त्याला ओलांडणारा दुसराही दोन ट्रॉल्यांचा. सणसरला असे दोघं समोर आडवे झाले आणि ऋषिराजनं हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं, फुलांची गाडी दिसली, त्याला वाटलं वरात आहे. त्यानं आपल्या टेपचा आवाज वाढवला.

मागं संजीवनी एकेक दागिना उतरवून डब्यात टाकत होती. त्याचा आवाज तेवढा येत होता. काटेवाडी एक अडतीसला मागं टाकली. पिंपळी आली. तिचं स्वतःचं घर रस्त्यावरून दिसतं, दाराला कुलूप होतं, तिनं बघितलं की नाही मला माहीत नाही. मी मागं वळू शकत नव्हतो, फेटा छताला लागत होता. तीन हत्ती चौकात सिग्नल लागला. ऋषिराजनं तो मोडला. दोन वाजून तीन मिनिटांनी आम्ही केंद्रासमोर होतो.

गेट बंद. संजीवनी चप्पल गाडीतच सोडून पळाली, गेटला हात घातला. आतला रक्षक जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की ताई, दोनला सगळं बंद झालं, माझ्या हातात काही नाही. तो बरोबर होता. त्या दिवशी वेळेवर चाललेली गोष्ट तेवढी एकच होती, आणि तिला दोष देता येत नव्हता.

वार्ताहर मात्र वेळेवर होता. काठीला लावलेला मोबाइल उंच धरून त्यानं तिचं पळणं घेतलं, गेटवरचा मेंदीचा हात घेतला. मग जवळ येऊन म्हणाला, "ताई, आणखी एकदा पळता का? मुंडावळ्या नीट आल्या न्हाईत."

ऋषिराजनं त्याच्या मोबाइलवर हात मारला. तो पडला नाही. चांगल्या काठीवर होता.

परतताना पिंपळी गेल्यावर संजीवनी म्हणाली, "मामा, फेटा काढा तेवढा आता. गरम होत असंल."

मी काढला. सोडायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

कार्यालयात पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती आणि दादासोंच्या हातात मोबाइल होता. बातमी दोन वाजून दहालाच पडली होती. मजकूर सकाळीच लिहून ठेवलेला, चित्रफीत तेवढी जोडली. अक्षता पडताच नवरी थेट परीक्षेला, दादासोंच्या कुटुंबाचा आदर्श. तासाभरात चाळीस हजार लोकांनी पाहिली होती. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आत सोडलं नाही. त्यांचं तोंड उतरलं. खरंच उतरलं, चष्मा काढून पुसला. एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. मग म्हणाले, "पर गेटापातुर गेली का न्हाय? बातमीत काय हाय, परीक्षेला गेली. गेलीच की."

संजीवनी जवळ येऊन उभी राहिली होती. घरातली पोरं दादासोंना तात्या म्हणतात, तीही तसंच म्हणाली. "तात्या, मी पेपर दिला न्हाय. ती बातमी काढायला सांगा."

"आता कशी काढू, बाळ? निरीक्षकांनी सोता पुढं पाठवलीय. त्यांना खोटं पाडू का?"

बातमी राहिली. आठ दिवसांनी जंक्शनच्या चौकात फलक लागला. निरीक्षक मोठे, दादासो मोठे, खाली कोपऱ्यात गेटला हात लावलेली संजीवनी, पासपोर्टच्या आकाराची. लोक घरी पेढे घेऊन येऊ लागले. महिलांच्या एका मेळाव्यात तिला बोलावलं. ती मुद्दाम गेली आणि माइकवर सरळ म्हणाली की मी परीक्षा दिलेली नाही, पोचायला उशीर झाला, गेट बंद झालं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या की बघा, किती विनय. पेपर मनासारखा गेला नसेल म्हणून असं बोलते, पण यश तिचंच आहे. संजीवनीला साडी मिळाली. खरं बोलून सत्कार चुकवता येत नाही, हे त्या दिवशी तिला कळलं.

चार महिन्यांनी निकाल लागला. तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी यादीत तिचं नाव शोधलं. नव्हतं. असणार कुठून? पण लोकांनी तिला परीक्षेला जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं, चाळीस हजारांचे आता दोन लाख झाले होते. त्यामुळं एकच अर्थ निघाला. दळणाला गेल्यावर बायका कुशाबाईला म्हणाल्या, एवढा गाजावाजा केला आन् नापास झाली व्हय? कुशाबाई घरी येऊन काही बोलली नाही. न बोलणंसुद्धा सुनेला ऐकू येतं. दादासोंच्या गणाचं तिकीट त्याच सुमाराला दुसऱ्याच माणसाला गेलं. त्याच्या घरी त्या वर्षात लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, निरीक्षक त्याच्या दारात कधी आलेही नव्हते. यादी खिशात नव्हती, पुण्यालाच होती.

जूनमध्ये जमीन मोजणी खात्याच्या भरतीची जाहिरात आली. संजीवनीनं घरात विषय काढला. मी त्या दिवशी सहज गेलो होतो, म्हणजे तिनं फोन करून बोलावलं म्हणून सहज गेलो होतो. भीमरावांनी नेहमीप्रमाणे आत बोट दाखवलं. दादासो सुपारी कातरत होते. आवाज चढवला नाही.

"एकदा बसू दिली का न्हाय? अख्ख्या तालुक्यानं बघितलं. नापास झाली, ठीक हाय, हुतं. पर परत बसायची आन् परत नापास व्हायची, म्हंजे हसं कुणाचं?"

"तात्या, मी बसलेच न्हवते," संजीवनी म्हणाली.

"ते तुला म्हायती, मला म्हायती. लोकांला कोण सांगणार?"

मी बोललो. जेवढं बोलायचं तेवढं बोललो, आवाजही चढवला, आणि दादासोंनी तो ऐकून घेतला, चहा पाजला. ऋषिराज म्हणाला, बघू. फॉर्मची मुदत तेरा दिवसांची होती. बघता बघता ती संपली. तिची पुस्तकं पिंपळीला माझ्या बहिणीच्या माळ्यावर खोक्यात आहेत.

मी रिकाम्या वेळात त्या दिवसाची मिनिटं मांडली. दहा चाळीसपासून निरीक्षकांची वाट बघण्यात पंच्याऐंशी. त्यांच्या माणसांच्या शालींना बारा. भाषणाला अकरा. गेणबांना आठ. फोटोंना पाच. माझ्या फेट्याला सहा. एकूण एकशे सत्तावीस, आणि संजीवनीला कमी पडली ती तीन. आम्ही घेणाऱ्यांपैकी कुणाचंच काही गेलं नाही. निरीक्षक जेवून सोलापूरला पोचले, गेणबांचं नाव माइकवर झालं, वार्ताहराला बघणारे मिळाले. दादासोंचं तिकीट गेलं म्हणावं तर ते त्यांचं कधी नव्हतंच, आणि पुढच्या खेपेला पुन्हा मागता येतं. माझा फेटा कपाटात घडी करून ठेवलेला आहे. भरलं ते एकट्या संजीवनीनं: चार वर्षं, एक पेपर, आणि न दिलेल्या परीक्षेत नापास.